सत्तेचाळीस अ

माझं बोलणं निम्मं सोडून ऐकावं, असं माझा नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. तो स्वतः मात्र पूर्ण ऐकतो, कारण आमच्या घरात दुसऱ्या कुणाचा आवाज लागतच नाही. तेव्हा वाचणाऱ्यांनी आपापल्या सोयीनं निम्मं सोडावं. फक्त ज्या बाईबद्दल मी सांगणार आहे, तिचं काही सोडू नये. तिला एकदा सोडून झालेलं आहे, आणि ते मीच सोडलं होतं.

मी सोलापुरातल्या एका शाळेत शिकवते. आधीची पंधरा वर्षं माढ्याकडच्या खेड्यांत काढली आणि मग बदली होऊन शहरात आले. एका जागी बसणं माझ्या पिंडात नाही. लग्नात बोहल्यावरून मी दोनदा उठले होते, एकदा पंख्याचं बटण बघायला आणि एकदा गुरुजींचं काही चुकतंय का ते बघायला. त्यामुळे जनगणनेच्या कामाची यादी लागली आणि बाकीच्या शिक्षिकांनी कपाळाला हात लावला, तेव्हा मी यादीत माझं नाव तीनदा वाचलं आणि चपलेला नवा अंगठा लावून आणला.

मला पूर्व भागातली एक गल्ली मिळाली. मागांची गल्ली. टॉवेल विणणारे यंत्रमाग घराघरात, आणि त्यांची खटाखट इतकी की त्या गल्लीत जन्मलेलं मूल पहिला शब्द बोलतं तोच ओरडून. गल्ली अशी अरुंद की एका घरात फोडणी पडली तर समोरच्या घरातला माणूस शिंकतो आणि तिसऱ्या घरातली बाई त्याला पाणी नेऊन देते. ऊन म्हणाल तर माझ्या पिशवीतल्या मेणबत्तीची वात तेवढी शिल्लक राहिली. मेणबत्ती मी कशाला नेली होती, असं नवरा विचारतो. तो भाग सोडून द्या.

आम्हाला आधी एका सभागृहात बसवून शिकवलं. शिकवणारे साहेब एका शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि पुढं आमच्या गटावर देखरेख करणारेही तेच. त्यांनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं: एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. छप्पर एक असेल, आडनाव एक असेल, कोर्टातलं भांडणही एकच असेल, पण चूल वेगळी तर कुटुंब वेगळं.

"गॅस असेल तर?" मागून एकीनं विचारलं.

"गॅस म्हणजे चूलच."

"आणि रोज बाहेरून डबा येत असेल तर?"

साहेबांनी पाणी प्यायलं आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली.

पद्धत आमच्या गटापुरती अशी ठरली. ज्या दारामागे चूल पेटते, त्या दारावर गेरूनं आकडा. ज्या खोलीत कुणीच राहत नाही, त्या दारावर फुली. माहिती आधी कच्च्या वहीत, आणि गल्ली संपली की सगळी मोबाइलमध्ये चढवून 'पाठवा' दाबायचं. एकदा दाबलं की माणूस पुढच्या खेपेपर्यंत आहे तसाच राहतो.

पण माणसं आहेत तशी राहतात कुठं. पहिल्याच दिवशी मला कळलं की आकडा लिहून मी वळते न वळते तोच आतली माणसं बदलतात. एका दहा बाय दहाच्या खोलीत चौदा जण लिहून घेतले. ते पाळीपाळीनं झोपतात, एक पाळी मागावर गेली की दुसरी आडवी होते, आणि चटई गार होत नाही. एका घरात सून नाव सांगताना लाजली आणि सासूनं तिच्याऐवजी मांजराचं सांगितलं. पुढं गल्लीच्या शेवटाकडं करमाळा तालुक्यातनं जेऊरहून आलेले एक आजोबा भेटले, मुलं इथं कारखान्यात कामाला. ते म्हणाले, "मला तिकडंच लिवा. जमीन तितं हाय." मी म्हटलं, जेवता कुठं? म्हणाले, "हितं. पन गोड तितंच लागतंय." तिथल्याच कोपऱ्यावरच्या बौद्ध कुटुंबात मात्र बँकेत असलेल्या मुलीनं सगळ्यांची माहिती फाइलमध्ये लावून ठेवली होती, वर माझ्या फॉर्ममधली एक चूक दाखवली आणि चहा पाजला. त्या एका घरानं मला ताळ्यावर ठेवलं, नाहीतर मी जेऊरच्या गाडीत बसले असते.

सत्तेचाळीस नंबरचं घर साधारण गल्लीच्या मध्यावर. पुढच्या खोलीत चार माग, भिंतीला टॉवेलचे गठ्ठे, आणि प्रत्येक गठ्ठ्यावर निळ्या ऑइल पेंटनं काढलेला आकडा. घरमालक पंचावन्नच्या आसपासचे, हातात ब्रश. त्यांच्या आठला खाली एक झुपकेदार शेपटी असायची, ती माझ्या लक्षात राहिली, कारण माझ्या वर्गात कुणी असा आठ काढला असता तर मी त्याला पाढा लिहायला लावला असता.

अकरा माणसं त्यांनी भराभर सांगितली. मी आकडा काढला. मग बोळातून मागं गेले. मागं एक वेगळी खोली, दाराला कडी, आणि दाराबाहेर एक साठीची बाई, डोक्यावर वळलेल्या विड्यांची टोपली, कुठंतरी निघालेली.

"इथं कोण राहतं?" मी विचारलं.

माग खटाखटत होते. बाईनं दाराकडं बोट केलं आणि म्हणाली, "इल्लु. मा इल्लु."

आता इथं माझी आई मध्ये येते. माझी आई अक्कलकोटकडची, कानडी. बाप माढ्याचा. घरात बापाची मराठी आणि आईचं कानडी अशा दोन भाषा एकमेकींना धक्के मारत असायच्या आणि माझ्या कानात कानडी नेहमी आधी शिरायची. कानडीत 'इल्ला' म्हणजे नाही. लहानपणी मी गूळ मागितला की आई म्हणायची 'इल्ला'. चप्पल मागितली, 'इल्ला'. त्या शब्दावर मी वाढले. बाईनं कडी लावलेल्या दाराकडं बोट करून 'इल्लु' म्हटलं, आणि माझ्या कानानं तो आपला जुना ओळखीचा शब्द उचलला. नाही. कुणी नाही.

दारावर फुली मारून मी अठ्ठेचाळीसकडं गेले. वहीत लिहिलं: मागील खोली रिकामी.

तीन दिवसांनी मी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, चौऱ्याऐंशीव्या म्हणजे शेवटच्या दारात उभी होते. मागून कुणीतरी माझा पदर ओढला. तीच बाई. तिनं उजवा तळहात माझ्यासमोर धरला. तळहात गेरूनं लाल झालेला.

"हे माझ्या दारावर कुणी काढलं?"

"मीच. फुली आहे ती."

"फुली म्हंजे काय?"

"म्हणजे इथं कुणी राहत नाही."

तिनं तळहात पदराला पुसला. मग म्हणाली, "दीर तेच म्हणतोय. तीन दिस झाले. पाणी भरायला गेले की म्हणतोय, वदिना, तू न्हाईसच, मग हांडा कोण उचलतंय?"

वदिना म्हणजे वहिनी, तेवढं मला गल्लीत कळलं होतं. मी म्हटलं, "पण अक्का, तुम्हीच सांगितलं ना. इल्ला म्हणालात."

"इल्लु म्हटलं. इल्लु. घर. माझं घर." आणि मग ती हळू बोलली, जसं कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलतात, "तेलगूत घराला इल्लु म्हंतात, बाई. तुला कुणी सांगितलं न्हाई?"

मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या आयुष्यात मी खूप बढाया मारल्या, पण एका भाषेतलं घर दुसऱ्या भाषेत नेऊन 'नाही' करून टाकायची करामत मी न मारताच केली होती.

अक्का विड्या वळायची. मांडीवर सूप, पत्र्याचा साचा, कात्री, तेंदूची पानं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. आधी सगळे एकत्र जेवायचे. मग एकदा डाळीच्या मिठावरून दिराशी वाजलं. मीठ कमी होतं की जास्त, यावर दोघांचं अजून एकमत नाही. त्या दिवशी तिनं मागच्या खोलीत स्वतःची चूल मांडली आणि ती आजतागायत पेटते आहे.

"मला नंबर पायजे," ती म्हणाली.

"अक्का, या नंबरानं खोली तुमच्या नावावर होत नाही बरं का. रेशनचंही काही होत नाही. ही नुसती मोजणी आहे."

"म्हाईत हाय मला. तरी लिव."

"मग हवा कशाला?"

"मी रोज हजार विड्या मोजून देते," ती म्हणाली. "एक कमी पडली तर मालक परत पाठवतोय. तुला एक बाई मोजता येईना?"

चौऱ्याऐंशीच्या दारातला माणूस हसला. मी वही उघडली. उद्या संध्याकाळपर्यंत सगळं पाठवायचं होतं.

सत्तेचाळीसमध्ये परत गेले तर दीर अडले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी माग बंद केला, ही त्या गल्लीत मोठी मानाची गोष्ट, आणि म्हणाले, "मॅडम, ती आमच्यातच हाय. माझ्या अकरामधी बारावी लिवा. वेगळी लिवली तर लोक काय म्हंतील, भाऊ मेला आन भावजयीला बाहेर काढली. आमी सगळे एकच हाय. दार दोन हायेत, मन एकच."

अक्का बोळातून म्हणाली, "मन एक हाय तर डाळ दोन कशा शिजत्यात?"

"वदिना, तू गप बस."

"मी न्हाईच की हितं. न्हाई ती कशी गप बसंल?"

मी म्हटलं, नियम चुलीचा आहे. जेवण कुठं शिजतं ते बघते आणि मग लिहिते. दीर म्हणाले, बघा की, आजच बघा. आणि आत बायकोला काहीतरी तेलगूत सांगितलं.

मी अक्काच्या खोलीत जाऊन बसले. खोली म्हणजे माझ्या शाळेतलं कपाट जरा मोठं केलं तर. एका कोपऱ्यात चूल, वर पातेलं, त्यात चिंचेच्या कोवळ्या पाल्याची डाळ. तिचा वास असा की मी फॉर्ममधला पहिला प्रश्न तीनदा वाचला. भिंतीला टेकवून दोन ताटं वाळत ठेवलेली.

"एकटीला दोन ताटं?"

"एक पडलं तर," अक्का म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं नाही.

एवढ्यात दारात जाऊ आली. दिरांची बायको, हातात झाकलेलं ताट, चेहरा शाळेच्या तपासणीला उभ्या केलेल्या मुलीसारखा. तिच्या मागं दीर.

"हे रोजचं हाय, मॅडम," दीर म्हणाले. "वदिनाला जेवान आमच्याच घरातनं जातंय."

अक्कानं झाकण उचललं. आत दोन पुरणपोळ्या, तूप, कटाची आमटी.

"मंगळवार हाय आज," अक्का म्हणाली. "सण कंचा?"

जाऊ खाली बघून हसली. दीर तिच्याकडं बघायला लागले, आणि ती हसायची थांबली, पण खांदे हलत राहिले. अक्कानं ताट परत तिच्या हातात दिलं, हळू, तूप सांडू न देता. "पोरास्नी दे जा," म्हणाली.

मी वहीत लिहिलं: मागील खोली, वेगळी चूल, माणसं एक. दीर गेले आणि पुढं माग सुरू झाला, नेहमीपेक्षा जोरात.

आता आकड्याचं काय करायचं. मी साहेबांना फोन लावला. त्यांच्या मागं कुठंतरी लग्नाचा बँड वाजत होता, किंवा त्यांचं घरच तसं असेल.

"सोप्पंय," साहेब म्हणाले. "सत्तेचाळीसच्या मागची खोली ना? सत्तेचाळीस अ करा आणि मोकळ्या व्हा."

मी मोकळी झाले. गेरूचा डबा उघडला, तिच्या दारावर छान गोल सत्तेचाळीस काढले, पुढं अ. मागं सरकून बघितलं. अक्काही बघत होती. तिला वाचता येत नाही असं दीर म्हणाले होते, पण पुढच्या दारावरचा आकडा तिनं तीन दिवस पाहिला होता.

"ह्यो तर त्याचाच नंबर हाय."

"त्याचाच, पण पुढं अ लावलाय. म्हणजे तुमचा वेगळा."

"अ म्हंजे?"

"म्हणजे... त्याच्या मागचं."

अक्का खाली बसली. "अ म्हंजे शेपूट," ती म्हणाली. "लगीन झालं, नवऱ्याच्या मागं. नवरा मेला, दिराच्या मागं. मागल्या येळी मोजायला मानूस आलता त्यानं मला दिराच्या खाली लिवलं, नातं काय लिवलं इचारलं तर म्हणाला, इतर. आता अ. मला शेपूट नको, बाई. मला पुरा आकडा दे."

"अक्का, पुरा आकडा द्यायचा तर तो सत्तेचाळीसच्या पुढचा. अठ्ठेचाळीस. तो शेजारच्या घरावर आहे. मग त्यांना एकोणपन्नास करायला लागेल, त्यांच्या पुढच्यांना पन्नास, असं करत पार चौऱ्याऐंशीपर्यंत."

"मग?"

"सदतीस दारं, अक्का."

"मी हजार वळते," अक्का म्हणाली.

त्या दिवशी मी घरी जाऊन बसू शकले नाही. भाकरी थापताना उठून तीनदा वही उघडली. नवरा म्हणाला, अ लाव आणि संपव, सरकारला काय फरक पडतो. सरकारला नाही पडत, मी म्हटलं. मग मी भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढं केलं, परत मागं केलं, आणि चपला शोधायला लागले. बाहेर कुठंही जायचं नव्हतं. मला वहीतली फुली दिसत होती. आयुष्यात मी किती जणांना किती काय काय सांगितलं, वाघ पाहिल्याचं, विमानात पाणी गळल्याचं, आणि ते सगळं लोकांनी हसून सोडून दिलं. पण एक बाई नाहीच असं मी लिहिलं ते मात्र खरं धरलं गेलं होतं. तिच्या सख्ख्या दिरानंही.

सकाळी सातला मी गल्लीत होते. अक्का दारात तयार. एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात माझ्यासाठी गेरूचा डबा, तिनंच कालवलेला, माझ्यापेक्षा दाट. तिनं स्वतःच्या दारावरचे ते सत्तेचाळीस अ आधी पुसले. मी अठ्ठेचाळीस काढलं. तिनं ते बोटानं चाचपून बघितलं, ओलं असल्यामुळे बोट लाल झालं.

मग आम्ही शेजारच्या दारात गेलो. बाई भांडी घासत होती.

"मी मधी आले," अक्का म्हणाली. "जरा सरकून घ्या."

एसटीच्या बाकावर बसायला जागा मागावी तसं. आणि ती बाई खरंच, बसल्या जागी, भांड्यासकट वीतभर सरकली. अक्कानं तिच्या दारावरचं अठ्ठेचाळीस पुसलं, मी एकोणपन्नास काढलं. पुढच्या दारी परत, मी मधी आले, जरा सरकून घ्या. कुणी विचारलं, का? कुणी विचारलं, रेशनमध्ये काही मिळणारे का? एका म्हातारीनं आमचं न ऐकता चहा टाकला. पन्नासवाल्यांचं एक्कावन्न झालं तेव्हा ते खूश झाले, एक्कावन्न म्हणजे आहेराचा आकडा, घराला शोभतो.

पण ज्याचं एक्कावन्न गेलं तो दाराला पाठ लावून उभा राहिला. गल्लीत सगळ्यांना ठाऊक असलेला पत्तेबाज, बनियनवर, दात घासायचा ब्रश तोंडात.

"मी देणार न्हाई," तो म्हणाला. "एक्कावन्न लकी हाय. तीन दिस झाले, तीन डाव जिंकलो."

"बावन्न घे की," अक्का म्हणाली.

"बावन्नात काय हाय?"

"पत्ते किती असत्यात रे कॅटात?"

त्यानं ब्रश बाहेर काढला. विचार केला. तोंडातल्या तोंडात मोजलं, मला शपथ आहे, त्यानं खरंच मोजलं. मग दारावरनं पाठ काढली.

तिथून पुढं गल्लीच आमच्याआधी पळायला लागली. कोपऱ्यावरच्या बौद्ध मुलीनं स्वतःच फडकं घेतलं आणि आपल्या ओळीतले आकडे पुसून ठेवले, म्हणजे मी आले की नुसता ब्रश फिरवायचा. जेऊरचे आजोबा म्हणाले, "मला अजून हितंच लिवलंय व्हय?" आणि सरकले. ऊन चढलं, गेरू ब्रशवरच वाळायला लागला, अक्का दर दाराला डब्यात पाण्याचा हबका मारायची. खरं सांगायचं तर दुपारपर्यंत मला सगळी गल्ली सरकल्यासारखी वाटायला लागली, सगळी घरं एक एक वीत पूर्वेला, आणि सत्तेचाळीसच्या मागं एका खोलीपुरती जागा झालेली. हे निम्मं सोडू नका, हवं तर सगळं सोडा, पण तिथं असता तर तुम्हीही सरकला असता.

शेवटच्या दारावर पंच्याऐंशी काढलं आणि आम्ही परत फिरलो. मला अक्काच्या खोलीत बसून मोबाइल भरायचा होता, कारण तिथं सावली होती आणि डाळ होती. ती डाळ आधीच दोन ताटांत वाढलेली होती. मी एका ताटाकडं हात नेला तर दारातून जाऊ घाईघाईनं आत आली, मला बघितलं आणि थांबली.

अक्का चुलीकडं तोंड करून बसली.

"बस की," ती जावेला म्हणाली. "बाईला तिसरं देते."

म्हणजे एक पडलं तर ठेवलेलं ते ताट रोज दुपारी, दीर मागावर आणि पोरं शाळेत असताना, भरत होतं. आम्ही तिघी जेवलो. जावेनं दोनदा डाळ घेतली आणि मग पदरानं हात पुसत मला हळूच विचारलं, "बाई, मी दुपारी हितं जेवते. मला कुटं लिवलं?"

"पुढं. दिरांच्या... तुमच्या नवऱ्याच्या घरात."

"पन जेवते तर हितं. काल तुमी म्हणाला, चूल बघायची."

"रात्री कुठं जेवता?"

"तिकडं."

"आणि तिकडचं शिजवतं कोण?"

"मीच की. मी न्हाई पेटवली तर ती चूल पेटायची न्हाई." तिनं जरा विचार केला. "मग तिकडंच असू दे. न्हाई तर त्यांचंबी कुटुंब राहायचं न्हाई."

दोन्ही जावा हसल्या. मी फॉर्ममध्ये बघितलं, दुपारच्या ताटासाठी कुठं रकाना आहे का. नव्हता.

मग मी मोबाइल काढला आणि अठ्ठेचाळीसपासून भरायला घेतलं. अक्काला म्हटलं, वाचून दाखवते. कुटुंबप्रमुख, तिचं नाव. प्रमुखाशी नातं, स्वतः. माणसं, एक.

"स्वतः म्हंजे?"

"म्हणजे तुमचं तुम्हीच."

"परत वाच."

मी परत वाचलं. ती सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं तेव्हा तिची बोटं थांबली होती. चौथ्यांदा तिनं सांगितलं नाही, मीच वाचलं. संध्याकाळी सगळी पंच्याऐंशी घरं भरून झाली, मी 'पाठवा' दाबलं, आणि माझ्या पायातल्या मुंग्या पहिल्यांदाच थांबल्या. साधारण दहा मिनिटं.

त्यानंतर काही महिन्यांनी मी त्याच गल्लीतून जात होते, काम असं काही नव्हतं, मला एका जागी राहवत नव्हतं म्हणून. दारांवरचे माझे आकडे गेले होते. गेरूच तो, किती टिकणार. बावन्नवाल्यानं आपल्या दारावर खडूनं बदामाचा एक्का काढला होता, मी त्याच्याकडं न बघता पुढं गेले. सत्तेचाळीसच्या दारावर तर काहीच नव्हतं. पुढं दीर मागावर होते, त्यांनी मान हलवली, माग काही बंद केला नाही.

मी बोळातून मागं गेले. अक्का घरात नव्हती, टोपली घेऊन गेली असावी, दाराला कडी होती. पण दारावर आकडा होता. निळ्या ऑइल पेंटनं, जाड ब्रशनं, गठ्ठ्यावर काढतात तसा अठ्ठेचाळीस. आठला खाली झुपकेदार शेपटी.

मी बोळातच उभी राहिले. पुढं माग चालू होता.